स्वस्त सदऱ्याची किंमत

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात ते जन्मले आणि पुढे चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर वागवीत गावोगाव हिंडले. वऱ्हाड ही कापसाची भूमी. त्यांना धडके वस्त्र मिळाले नसते असे नव्हे. आपल्याला किती पुरे, हे त्यांनी ठरविले होते.

आम्ही मात्र ते ठरविणे सोडून दिले आहे. नाताळाला एक नवा कपडा घ्यावा आणि तो पुरवून वापरावा, हा आमच्या घरांतील जुना रिवाज. आता चार धुण्यांत विटणारा सदरा इतका स्वस्त मिळतो की, तुटलेली गुंडी लावण्यापेक्षा नवा घेणे सोपे वाटते. यात पाप ते कोणते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

वस्तू फार स्वस्त मिळते तेव्हा उरलेली किंमत बहुधा दुसऱ्या कोणी भरलेली असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या पऱ्हाटीचा कापूस पुढे कोणाच्या अंगावर गेला, हे कोणालाच ठाऊक नाही. शिवणाऱ्या हातांचीही तीच कथा. ढाक्याजवळील राणा प्लाझा या इमारतीला तडे गेले, तेव्हा खालच्या बँकेने आपली माणसे घरी पाठविली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलाविण्यात आले. २४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळून १,१३४ जण मेले. आठवडाभरात, श्रमिक संत योसेफ यांच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या महिना ३८ युरो वेतनाला गुलामगिरी म्हटले. आणि टाकून दिलेले कपडे? चिलीच्या अटाकामा वाळवंटात त्यांचे ढीग पडले आहेत. त्यांतील कृत्रिम धागा मातीत मिसळत नाही.

स्वस्ताईमुळे गरिबाचे अंग झाकले गेले आणि ढाक्याच्या लेकीबाळींना रोजगार मिळाला, हेही खरे. वर्षाचा एकुलता सदरा घेणाऱ्या मजुराला आम्ही दोष देणार नाही. नीतिशास्त्र दोष मोजताना माणसाची जाण आणि मोकळीक पाहते. ज्याला पर्याय नाही त्याचा भार हलका. ज्याला कळते आणि ज्याचे कपाट भरलेले आहे, त्याचा जड. पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्याच्या मालकीचे असते, अशी शिकवण संत बासिल यांनी चौथ्या शतकातच दिली. ज्याची मजुरी त्या वस्त्रात बुडाली त्याचेही आमच्याकडे येणे आहे, एवढी भर आज घालावी लागेल.

हे येणे एकट्यादुकट्याने फिटणारे नाही. त्यासाठी कायदा हवा, कापसाला रास्त भाव हवा, कामगारांना संघटनेचा हक्क हवा. परंतु बाजारात जाण्यापूर्वी घरातील उसवलेले शिवून घ्यावे, नवे घ्यावे ते मोजके, टिकाऊ आणि योग्य दाम देऊन, एवढे तर आमच्या हाती आहे. तेवढ्यापासून आरंभ करू या.