मशीनवर बसायची घाई

मशीन थांबवा. सगळ्या जणी उठा आणि या टेबलापाशी या. तुमचे फ्रॉक मी एकेक करून उलटे करून पाहिले. आज कौतुक नाही, आज ऐकून घ्यायचं.

काम काय दिलं होतं? सहा वर्षांच्या मुलीचा उन्हाळी सुती फ्रॉक. वर योक, खाली चुण्यांचा घेर. बाही नाही, कॉलर नाही. ‘एवढंच ना?’ असं तुम्ही म्हणालात आणि तिथेच घात झाला. चुका झाकून घेणारी लेस नाही, भरतकाम नाही, अस्तर नाही. म्हणजे इथे कापणी आणि टीप दोन्ही उघडी पडतात. सोपा म्हणून दिलेला नव्हता, सगळं दिसावं म्हणून दिला होता.

पहिली गोष्ट. कापड भिजवलं कोणी? दुकानातून आणलं, घडी मोडली आणि कात्री लावली. कोरं सुती कापड विणताना आणि खळ देताना ताणलेलं असतं. पाण्यात पडलं की ते आटतं. 24 इंच लांबीचा फ्रॉक नुसता चार टक्के आटला, तरी जवळपास एक इंच गेला. छातीतही तेच होणार. मग पहिल्या धुण्यानंतर काखेत काचणारा कपडा त्या पोरीने का घालायचा? रात्रभर पाण्यात ठेवायचं, सावलीत वाळवायचं, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करायची. याला कष्ट पडत नाहीत, फक्त एक रात्र थांबावं लागतं. तेवढंही तुमच्याने झालं नाही.

दुसरी गोष्ट, धागा. हा योक बघा, एका बाजूला पिळवटलाय. कापडाचा काठ कुठल्या दिशेला आहे हे न बघता, तुकडा वाचवायला ड्राफ्ट तिरका ठेवला. उभा धागा सगळ्यांत कमी ताणतो, आडवा थोडा जास्त, आणि 45 अंशांच्या उरेबात कापड सगळ्यांत जास्त ओढलं जातं. म्हणून योकचा मध्य काठाला समांतर हवा. कापड वाकडं वाटलं तर एक आडवा धागा ओढून काढायचा आणि त्या रेघेवर कापायचं. हे मी फळ्यावर काढून दाखवलं होतं.

आणि जिथे उरेब हवा, तिथे मात्र सरळ पट्टी! गळा गोल आहे, सरळ पट्टी गोलाईवर वळणार कशी? चुरगळणारच. उरेब पट्टी कापायची, गळ्याला टीप मारायची, मग माया थोडी छाटून गोलाईत टिपेच्या अलीकडेपर्यंत बारीक कट द्यायचे आणि पट्टी आत वळवायची. कट दिले नाहीत तर गळा सपाट बसत नाही. नुसती इस्त्री दाबून तो सपाट होणार नाही, कितीही दाबा.

घेराच्या चुण्या बघा. मध्यावर गठ्ठा, बगलेकडे कोरं. लांब टाक्यांची एकच ओळ घातली आणि ओढली. दोन ओळी घालायच्या, पाव इंचाच्या अंतराने, आणि दोन्ही दोरे एकत्र ओढायचे. घेराचे चार भाग करून खुणा, योकचे चार भाग करून खुणा, खुणेला खूण टाचणीने जोडायची. चुण्या हाताने सारख्या करून मगच टीप. इतक्या पातळ वॉईलवर 16 नंबरची सुई कशाला लावली? 11 नंबर लावा. आणि आधी त्याच कापडाच्या चिंधीवर टीप मारून दोऱ्याचा ताण तपासा, फ्रॉकवर नव्हे.

काही जणींनी पॉलिएस्टर आणलंय, कारण त्याला चुरगळ्या पडत नाहीत. मुलींनो, आपण अकोल्यात राहतो. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. सूत घाम शोषतं, पॉलिएस्टर जवळजवळ शोषतच नाही. दुपारी खेळून आलेल्या पोरीच्या पाठीवर ते चिकटून बसतं आणि घामोळं उठतं. कपडा कोणासाठी शिवताय हे विसरलात, म्हणून कापड चुकलं.

तसंच आतल्या शिवणींचं. माया उघडी, दोरे लोंबतायत, मुंढ्याच्या कडा टोचतायत. पातळ कापडाला फ्रेंच शिवण घाला. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून बारीक टीप, कडा छाटायच्या, मग सुलट्या बाजू आत घेऊन दुसरी टीप. कच्ची कड आतच बंद होते. खालच्या दुमडीला अडीच इंच ठेवायला सांगितले होते, तुम्ही अर्धा इंच ठेवलात. वाढत्या वयाची मुलगी आहे. दुमड उसवली की तोच फ्रॉक पुढच्या उन्हाळ्यात चालला असता.

उसवायला लाजू नका. वाकडी टीप तशीच ठेवून पुढे जाणं, त्याची लाज वाटली पाहिजे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना या शिवणकामावर संसाराला हातभार लावायचाय. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा दार वाजवत नाही. तुमच्या हातात कसब आहे, हे मी ओळखून आहे, म्हणूनच एवढं बोलते. जिला येणारच नाही, तिच्यावर मी शब्द खर्च केला नसता.

आता फ्रॉक घरी न्या आणि गळा, मुंढे, चुण्या उसवा. पॉलिएस्टरवाल्यांनी सुती कापड आणायचं आणि आज रात्रीच भिजत घालायचं. उद्या भिजवलेलं, इस्त्री केलेलं कापड आणि नीट खुणा केलेला ड्राफ्ट मी आधी तपासणार. तोवर कोणीही मशीनला हात लावायचा नाही.