किल्ला कोणाच्या डोळ्यांनी पाहावा?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. अंगठा उभा धरावा तसा तो दिसतो. पावसाळा सरल्यावर एका रविवारी, मिस्सा आटोपून, मी नातवाला घेऊन गडावर गेलो होतो. सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तेथे दम खात बसलो असता नातवाने विचारले, ‘‘आजोबा, हा किल्ला आपण केव्हा घेतला?’’

प्रश्न साधा होता. उत्तरही मला येत होते. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात काही दिवस हा गड पोर्तुगीजांनी धरला. पुढे तो शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. परंतु मी अडखळलो तो ‘आपण’ या शब्दापाशी. पोर्तुगीजांचा धर्म तो आपला धर्म, आणि मराठ्यांची भाषा ती आपली भाषा. मग या तटावर चढणारे आपण, की तटावरून धोंडे लोटणारे आपण?

कर्नाळ्यापेक्षा वसईच्या किल्ल्यात हा प्रश्न अधिक बोचतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या वेढ्यात मराठ्यांचे हजारो सैनिक कामी आले. वसईच्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या गेल्या. त्यांतील एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. शाळेत हा विजय शिकताना माझी छाती फुगत असे, आणि पडक्या चर्चच्या कमानीखाली उभा राहिलो की तीच छाती भरून येत असे. दोन्ही भावना खऱ्या होत्या. त्या एका मनात कशा नांदवाव्यात, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका यात्रेकरू मंडळाबरोबर मी युरोपात गेलो. फातिमा, लूर्द, रोम अशी ती नेहमीची वाट. लूर्दला पोहोचल्यावर प्रथम नजरेत भरतो तो तेथील किल्ला. गावाच्या मधोमध उंच कातळावर तो उभा आहे. शार्लमेन राजाने त्याला वेढा घातल्याची आख्यायिका सांगतात. पुढे कित्येक वर्षे फ्रान्सच्या राजांनी त्याचा तुरुंग केला. अथेन्सच्या मंदिरातील शिल्पे उचलून नेणारे इंग्रज सरदार लॉर्ड एल्गिन यांनाही १८०३ मध्ये येथे काही काळ अडकवून ठेवले होते. १९२१ पासून तेथे पिरेनीज पर्वतातील लोकजीवनाचे संग्रहालय आहे.

शेवटच्या दिवशी दोन तास मोकळे मिळाले. आमच्यात दोन तट पडले. काही म्हणाले, ‘‘इतक्या लांब आलो आहोत, किल्ला पाहूच.’’ एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘‘आपण यात्रेला आलो. राजांच्या वाड्यांशी आपल्याला काय करायचे?’’ मी किल्ला पाहिला, आणि उरलेल्या वेळात त्या बाईंबरोबर ‘काशो’ पाहायला गेलो. दोन्ही पाहिले म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

‘काशो’ म्हणजे अंधारकोठडी. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, एका अरुंद गल्लीत ती खोली आहे. पूर्वी गावचा तुरुंग तेथे होता. कैद्यांच्याही राहण्यास अयोग्य ठरल्यामुळे तो बंद झाला. १८५८ मध्ये त्याच खोलीत सुबिरू नावाचे एक कुटुंब राहत होते. आईवडील आणि चार मुले. खोलीची लांबीरुंदी जेमतेम चार-चार मीटर. वडील मूळचे गिरणीवाले, पण धंदा बुडालेला. आदल्या वर्षी चोरीच्या संशयावरून त्यांना काही दिवस कोठडीत काढावे लागले होते. याच खोलीतून ११ फेब्रुवारी १८५८ रोजी थोरली मुलगी बर्नादेत सरपण वेचायला नदीकाठी गेली, आणि पुढे काय घडले ते आपण जाणतोच.

किल्ल्याच्या तटावर मी उभा होतो, तेव्हा सारे गाव पायाखाली होते. नदी, पूल, छपरे, दूरचे डोंगर. मनाला एक सुख वाटले, ते खोटे कशाला सांगू? ते केवळ देखाव्याचे सुख नव्हते. उंचावर उभे राहून खालच्यांकडे पाहण्याचे ते सुख होते. तट बांधलाच मुळी त्यासाठी. तिकीट काढून वर गेलेला प्रवासी घटकाभर किल्लेदाराच्या जागी उभा राहतो आणि नकळत त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. त्या छपरांत काशोचेही छप्पर असले पाहिजे. वरून मला ते ओळखू आले नाही.

मार्ककृत शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शिष्यांपैकी एक जण मंदिराचे प्रचंड चिरे पाहून थक्क होतो आणि ते प्रभूला दाखवतो. प्रभू त्या चिऱ्यांचे कौतुक करीत नाहीत. ते ढासळणार असल्याचे सांगतात. या प्रसंगाच्या लगेच आधी काय आहे? दानपेटीत दोन नाणी टाकणारी गरीब विधवा. शिष्याची दृष्टी चिऱ्यांवर खिळली, प्रभूची त्या विधवेवर. मंदिर एकच, पाहणारे दोन.

मग किल्ले आणि राजवाडे पाहूच नयेत काय? मला तसे वाटत नाही. चुन्याशिवाय चिरा बसवणाऱ्या पाथरवटाचा हात आणि कातळात टाके खोदून उन्हाळाभर पाणी टिकवणारी अक्कल, या देवाच्या देणग्याच आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवणे हा नम्रपणा नव्हे. शिवाय सर्व किल्ले एका मापाने मोजता येत नाहीत. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये, अशी त्यांत ताकीद आहे. किल्ल्याची किंमत तटाच्या उंचीवर ठरत नाही, तटाखालच्या चुलीवर ठरते, हे या मातीतील एका राजाने ओळखले होते. परदेशातील किल्ल्यांनाही हेच माप लावावे.

आणि तेच माप आपल्या माणसांनाही लावावे. येथे आपली खरी परीक्षा आहे. दुसऱ्यांच्या तळघरातील अंधार चटकन दिसतो. आपला क्रूस ज्या तटावर रोवला होता, त्या तटाखालचा अंधार पाहताना डोळे मिटतात. गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षण सभा आली आणि तिचा धाक वसईपर्यंत पोहोचला, हा इतिहास आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिना किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला. पुढे तेथे गुलामांना कोंडून ठेवीत, आणि त्याच भिंतींच्या आत चर्चही होते. पोप जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी १९९२ मध्ये सेनेगलच्या गोरे बेटावरील गुलामांच्या घरात गेले आणि त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या त्या पापाबद्दल क्षमा मागितली. तेही एक पुरातन वास्तू पाहायलाच गेले होते. फरक इतकाच, की ते कोंडलेल्यांच्या बाजूने उभे राहिले.

कर्नाळ्याच्या टाक्यापाशी नातवाला मी अखेर काय सांगितले? समोर खाली शिरढोण गाव आहे. तेथे १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून त्यांना जन्मठेप झाली आणि समुद्रापलीकडे एडनच्या तुरुंगात नेले. तेथून ते दार निखळवून पळाले, पकडले गेले, आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. परदेशातील भक्कम भिंती त्यांनीही पाहिल्या, पण आतून.

मी म्हणालो, ‘‘बाळ, किल्ला कोणी घेतला हे पुस्तकात मिळेल. हे टाके कोणी खोदले, येथवर धान्य कोणी वाहिले, आत कोण अडकले, ते मात्र आपणच विचारायचे.’’ त्याला ते कितपत कळले, कोण जाणे. पण उठताना त्याने टाक्याच्या कडेवरील छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवला आणि विचारले, ‘‘हे करणाऱ्याचे नाव काय होते?’’

ते नाव मला सांगता आले नाही. पण त्याचा ‘आपण’ आता योग्य ठिकाणी शोध घेऊ लागला होता, एवढे मात्र खरे.