वर्दी अंगावर येण्याआधी



पहाटे चर्चचे फाटक उघडताना मला रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. थंडी असो की पावसाची भुरभुर, ती धावतच असतात. अलीकडे त्यांत मुलीही दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, “फादर, भरती आहे.”

पोलीस भरतीचे गणित या मुलांना तोंडपाठ असते. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. मग शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. उंची मुलाची १६५ सेंटिमीटर, मुलीची १५५. कोरडवाहू शेतीच्या आपल्या भागात सरकारी नोकरीची किंमत काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. काही मुलांना वकील व्हायचे आहे. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाता येते, याची चौकशी ती करू लागली आहेत. मला या सर्वांचा आनंदच वाटतो.

पण या तयारीत एका गोष्टीला एकही गुण नाही. दुसऱ्या माणसावर आपली सत्ता चालत असताना, आणि पाहणारे कुणी नसताना, आपण कसे वागू? मैदानात हे मोजता येत नाही. लेखी परीक्षेत विचारले, तर बरोबर उत्तर सगळेच लिहितील.

गेल्या महिन्यात मिस्सेनंतर दहावी ते बारावीच्या मुलांसोबत बसलो होतो. त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. तुम्ही ठाण्यात हवालदार आहात. एका म्हातारीचे दागिने चोरीला गेले आहेत. संशयित तुमच्यासमोर बसला आहे आणि बोलत नाही. काय कराल?

“दोन ठेवून दिल्या की बोलेल, फादर.” बहुतेकांनी माना डोलावल्या, थोडे हसलेही. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, “आणि त्याने चोरी केलीच नसेल तर?”

“मग सोडून द्यायचं,” एक मुलगा म्हणाला.

“मारल्यावर?”

कुणीच काही बोलले नाही.

ही मुले निर्दय नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे म्हातारीचे अश्रू होते. ठाण्यातल्या पोलिसावरही असाच ताण असतो. कामाचे तास संपत नाहीत, वरून विचारणा होते, दारात फिर्यादी उभा असतो. “तुम्ही उपदेश करता, पण चोराला चहा पाजून माल मिळतो का?” असे कुणी विचारले, तर त्या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये. तपास करणे अवघड आहे. मारणे सोपे आहे. खरी अडचण तिथेच आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मनात बसला. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. म्हातारीचे दागिने हे तिचे देणे आहे. पण समोर बसलेल्या माणसाचेही एक देणे आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत त्याला गुन्हेगार न मानणे, आणि सिद्ध झाल्यावरही माणूस मानणे. एकाचे देणे फेडायला दुसऱ्याचे बुडवले, तर तो न्याय झाला नाही. शिवाय मार खाणारा माणूस सत्य सांगतो असे नाही. मार थांबेल असे काहीतरी सांगतो.

कायद्यानेही हे फार पूर्वी ओळखले. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तरी हा नियम टिकून आहे. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे असे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. ज्याला पोलीस व्हायचे आहे, त्याने हे नियम पाठ करावेत. पण त्याआधी ते कशासाठी आहेत हे समजून घ्यावे.

आपण ख्रिस्ती माणसांनी तर हे विसरूच नये. आपला प्रभू ताब्यात असताना, निकालाआधीच, एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली. योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग आहे. येशूने शाप दिला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर मारतोस का, एवढेच त्याने विचारले. पुरावा दे, असेच ते म्हणणे होते. शुक्रवारी क्रूसाची वाट करताना आपण त्या शिपायाकडे रागाने पाहतो. उद्या आपलाच मुलगा त्याच्या जागी उभा असेल, हे आपल्या मनात येत नाही.

वकिली करू पाहणाऱ्यांसाठी आपल्याच विदर्भातली एक घटना सांगतो. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, याला निकालात मोठे वजन मिळाले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवर झालेल्या बलात्काराला वेगळे कलम आले. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही, तिच्यानंतरच्यांना झाला. त्या चौघांना कुणी फी दिली नव्हती. कायदा शिकणे म्हणजे पळवाटा शिकणे, अशी समजूत असेल तर हे पत्र आठवावे.

मग ही तयारी करायची कशी? धावणाऱ्या मुलांना याचे उत्तर ठाऊक आहे. पहिल्या दिवशी कुणी सोळाशे मीटर वेळेत धावत नाही. रोज थोडे थोडे धावून पाय तयार होतात. ॲरिस्टॉटलने सद्गुणाविषयी हेच म्हटले आहे. न्यायाची कृत्ये करत करत माणूस न्यायी होतो. प्रशिक्षण केंद्रात वर्दी मिळते, पण मन तिथे नव्याने मिळत नाही. वर्गाचा मॉनिटर असताना मित्राचे नाव फळ्यावर लिहिले का? परीक्षेत कॉपी आली तेव्हा हात पुढे केला का? मार्च २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, बारावीच्या गणिताचा पेपर फुटल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. तसा पेपर मोबाइलवर मिळाला असता तर आपल्या घरात काय झाले असते? आईवडिलांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

कारण आईवडिलांचीही परीक्षा असते. मध्यंतरी एक वडील माझ्याकडे आले. मुलाचे काम करून देतो असे सांगणारा दलाल त्यांना भेटला होता, आणि एक एकर विकावे का हे त्यांना विचारायचे होते. मी म्हणालो, दलाल फसवेल हे तर आहेच. पण समजा त्याने फसवले नाही, तर? ज्याने वर्दी विकत घेतली, तो पहिल्या दिवसापासून वसुलीला बसेल. आणि ती वसुली तुमच्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याकडून होईल. ते बराच वेळ बसून राहिले. जमीन विकली नाही. मुलगा अजून धावतो आहे.

योहान बाप्तिस्ताकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले. नोकरी सोडा, असे तो म्हणाला नाही. कुणाला धाक दाखवून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, इतकेच त्याने सांगितले. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांच्या पुत्राने, शिवाजी महाराजांनी, चिपळूणजवळ छावणी टाकलेल्या आपल्या लष्कराला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, शेतकऱ्यांकडून काही उचलू नका, नाहीतर लोक म्हणतील मोगल बरे होते, असा त्याचा आशय आहे. नदीकाठच्या संदेष्ट्याला आणि सह्याद्रीतल्या राजाला शस्त्रधारी माणसाचा एकच मोह दिसला होता.

शेवटी पुन्हा मुलांच्या प्रश्नाकडे येतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि ती सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. मुलांना एवढे ठाऊक असते. पुढचे मी त्यांना सांगितले. त्या कसाबलाही वकील देण्यात आला, खटला चालला, अपील झाले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे झाल्यानंतरच नोव्हेंबर २०१२ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी झाली. फाशी असावी की नसावी, यावर ख्रिस्तसभेचे म्हणणे वेगळे आहे. त्याविषयी पुन्हा कधीतरी. पण ज्याला सारे जग मारायला तयार होते, त्यालाही आपल्या देशाने आधी न्यायालयात उभे केले. मग म्हातारीच्या दागिन्यांच्या संशयिताला ठाण्याच्या कोपऱ्यात का मारायचे?

या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत भरतीची आणि कायद्याच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींची आठवण करू या. ती निवडली जावीत असे जरूर मागा. त्याबरोबर, त्यांच्यासमोर उद्या जो कुणी हात बांधून बसेल, त्याच्यासाठीही मागा.

तुमचाच,
धर्मगुरू