गादी आणि पिलें
(शास्त्रपाठ : मत्तय २:१३-१८)

माजिवड्याहून पश्चिमेस पाहिलें म्हणजे येऊरचे डोंगर दिसतात. त्या रानांत काळ्या तोंडाचे वानर राहतात. त्यांच्या खोड्यांस आपण हसतों. परंतु त्यांच्यांतही राज्यें बदलतात, आणि त्याची किंमत कोणास द्यावी लागते हें व्यंकटेश माडगूळकर यांनीं 'सत्तांतर' ह्या कादंबरींत दाखविलें आहे. ही कादंबरी १९८२ सालीं निघाली व पुढील वर्षीं तीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कादंबरी म्हटली कीं नाक मुरडणाऱ्या उपदेशकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, आपल्या बाबा पदमनजींनींही १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' लिहिलेंच होतें.

वानरांच्या टोळींत पुष्कळ माद्या व पिलें, आणि त्यांवर बहुधा एकच थोर नर असतो. बाहेरून दुसरा येतो, झुंज होते, जुना हाकलला जातो. येथवर आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु नवा धनी मग आयांच्या छातीस बिलगलेल्या पिलांवर धांवतो. त्या पिलांनीं कोणाची गादी घेतली होती? त्यांचा दोष इतकाच कीं तीं जुन्या राज्यांत जन्मलीं. हें केवळ कवीचें मन नव्हे. अबूच्या डोंगरावर सारा हर्डी ह्या विदुषींनीं वानरांचा अभ्यास करून १९७७ सालीं अशाच हत्येविषयीं ग्रंथ लिहिला. पिलूं गेलें कीं मादी लवकर पुन्हा गाभण राहते, असें त्यांनीं कारण दिलें.

पशूस आम्ही पापी म्हणत नाहीं; त्यास आज्ञा दिलेली नाहीं. हेरोदास मात्र शास्त्री व याजक विचारावयास होते. ख्रिस्त कोठें जन्मावयाचा हें त्यानें त्यांच्याकडूनच जाणून घेतलें, आणि त्याच ज्ञानानें बेथलेहेमांतील दोन वर्षांच्या आंतील मुलगे मारविले. शास्त्र ठाऊक असून हें झालें, ह्याची आम्हांस फार भीति वाटते.

कारण आम्ही पूर्वीं ज्या एका मंडळींत होतों तेथें पंचांची निवडणूक झाली. जुने पंच गेले, नवे आले. जुन्या पंचांनीं चालविलेली शब्बाथशाळा नव्यांनीं बंद केली. नवी उघडण्यास पावसाळा लोटला. आम्ही दोन्ही पक्षांच्या घरीं चहा घेतला, समेटाच्या प्रार्थना केल्या, आणि मुलांविषयीं एक शब्दही काढला नाहीं. तेव्हां आम्हांस तो शहाणपणा वाटला.

योसेफ रात्रींच उठला. बाळक व त्याची आई यांस घेऊन तो मिसर देशीं निघाला. कोणाचें राज्य न्याय्य ह्याचा वाद घालीत तो बसला नाहीं. आम्ही मात्र बसून राहिलों. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हां बाकांवर मुलें निम्मींच होतीं. उरलेल्यांच्या घरीं आम्ही गेलों. एका विधवा बाईनें ओसरीवर घोंगडी अंथरली, पाणी दिलें, आणि म्हणाली, "पाळकसाहेब, पोरगा आतां गुरें राखतो. तुम्हीं फार उशीर केला."