कप कोणाचा, पोरगा कोणाचा?



काही रविवारांपूर्वी सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे मला भेटायला थांबले. मुलगा नववीत आहे, फुटबॉल चांगला खेळतो. दुसऱ्या शहरातील एका खाजगी शाळेचे सर घरी येऊन गेले होते. फी माफ, वसतिगृह मोफत, बूट आणि ट्रॅकसूट शाळेचे. "फादर, पाठवू का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्याच संध्याकाळी त्या मुलाला पाचवीपासून खेळ शिकवणारे सर आले. खुर्चीवर बसलेही नाहीत. म्हणाले, "फादर, पोराले शिकवलं म्या, अन् कप नेतीन ते."

मला दोघांचेही म्हणणे खरे वाटले. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडत आहे.

आपल्याकडे शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. तिथून जिल्हा, मग आपल्या पाच जिल्ह्यांचा अमरावती विभाग, आणि पुढे राज्य. जिंकलेल्या शाळेचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि जूनमध्ये तोच फोटो प्रवेशाच्या फलकावर लागतो. मुलाच्या बाजूनेही लाभ थोडा नाही. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. मजुरी करणाऱ्या बापाने याचा विचार केला तर त्याला लोभी म्हणता येणार नाही.

मुळात शाळा बदलणे हे पाप आहे का? नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने त्याला दादरच्या शारदाश्रमात घातले, कारण तिथे क्रिकेट होते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विदर्भाच्या संघाने 2017-18 च्या हंगामात पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर, दोघेही मुंबईचे होते. आपण काही त्यांना परके म्हटले नाही, फटाकेच फोडले. पण एक फरक विसरू नये. जाफर हे जाणते, व्यावसायिक खेळाडू होते. आपण काय देतो आणि काय घेतो हे त्यांना कळत होते. चौदा वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. त्याच्या वतीने ते आपण मोठ्यांनी कळून घ्यायचे असते.

मग शाळाशाळांतील चुरस वाईट का? तीही नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलने केलेला एक भेद आम्हाला शिकवला होता, संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनीही तो स्वीकारला आहे. शेजाऱ्याजवळ चांगली गोष्ट पाहून 'माझ्याजवळ ती का नाही' असे वाटणे आणि ती मिळवण्यासाठी कष्ट करणे ही चुरस. ती माणसाला वाढवते. शेजाऱ्याजवळ चांगली गोष्ट आहे म्हणूनच मनात दुखणे आणि ती त्याच्याजवळ राहू नये अशी खटपट करणे हा मत्सर. चुरस आपले मैदान सारवते. मत्सर दुसऱ्याचे मैदान ओस पाडतो.

1988 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली. समोर सेंट झेवियर्सची मुले होती. त्या दिवशी त्यांच्याकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. तोही पुढे भारताकडून खेळला. एवढा मार खाऊनही तो मुलगा संपला नाही, कारण त्या सामन्यात दोन्ही बाजूंना खेळ शिकवलेला होता. लॅटिन भाषेत 'कोंपेतेरे' या शब्दाचा मूळ अर्थच 'मिळून शोधणे' असा आहे. प्रतिस्पर्धी नसेल तर माझी ताकद मला कळणारच नाही. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेला. त्यांना पदक मिळवायचे नव्हते. कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखवायचे होते. खेळावर प्रेम असले की माणूस इतक्या दूर जातो.

आता दुसरी बाजू. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. त्याच्या शाळेने 3 बाद 1465 धावा केल्या. समोरची शाळा 31 आणि 52 धावांत बाद झाली. प्रणवचे कष्ट खरे होते, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण आपण सर्वांनी त्या आकड्यावर टाळ्या वाजवल्या, आणि समोरच्या पोरांना त्या दोन दिवसांत काय शिकायला मिळाले हे फार थोड्यांनी विचारले. त्या आकड्याचे ओझे प्रणवच्या खांद्यावरही बसले. पुढच्याच वर्षी, कामगिरी मनासारखी होत नाही म्हणून, त्याच्या वडिलांनी क्रिकेट संघटनेची शिष्यवृत्ती थांबवण्यास आपण होऊन कळवले. मला त्या 1009 धावांपेक्षा त्या बापाचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

बायबलमधील नाथान संदेष्ट्याची गोष्ट आपणांस आठवत असेल. एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरे होती, गरिबाजवळ एकच लाडकी मेंढी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची मेंढी नेली. ज्या शाळेजवळ वीस खेळाडू आहेत तिने लहान शाळेचा एकुलता एक खेळाडू न्यावा, तोही वर्षभरासाठी, एका कपासाठी, हे त्या श्रीमंतासारखेच आहे. परंतु ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते. मेंढी मालकाची असते. मुलगा शाळेचा नसतो, सरांचा नसतो, आणि खरे सांगायचे तर आईबापाचाही मालकीहक्काने नसतो. म्हणून 'पोरगा कोणाचा' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'पोराला कशासाठी बोलावता' हा खरा प्रश्न आहे.

हे मी कोरड्या पायांनी सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गावी माझ्याकडे बोर्डिंगची जबाबदारी होती. शाळेचा संघ जिल्ह्याला दोनदा हरला होता. मेळघाटातील एका आश्रमशाळेत एक कोरकू मुलगा वाऱ्यासारखा धावताना मी पाहिला. त्याच्या आईवडिलांना भेटलो, चांगल्या शिक्षणाचे आश्वासन दिले, त्याला घेऊन आलो. त्या वर्षी आम्ही जिंकलो. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला. मैदान सुटले, गणित-इंग्रजी त्याला झेपेना, आणि शिकवणी लावावी हे कोणाला सुचले नाही. मलाही नाही. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला तो परत आला नाही. मी त्याला शोधायला गेलो नाही. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळावर मी त्या वर्षीही प्रवचन केले असेल. आमच्या कार्यालयात कप मात्र होता. त्याच्यावर शाळेचे नाव होते, मुलाचे नव्हते.

त्या अनुभवातून तीन प्रश्न मी शिकलो आणि तेच त्या जोडप्याला दिले. पहिला: मुलाचा पाय मोडला तर दहावीपर्यंत फी माफ राहील का? हे शाळेने लेखी द्यावे. दुसरा: दुपारी सराव असेल तर बुडालेला अभ्यास कोण घेणार? तिसरा: वयाच्या दाखल्यात काही 'दुरुस्ती' सुचवली का? सुचवली असेल तर तिथेच उठावे. जी शाळा मुलाला पहिल्याच दिवशी खोटे बोलायला शिकवते तिच्याकडून पुढे काय शिकणार?

त्या सरांनाही मी एक विनंती केली. मुलाला अडवू नका, निरोप द्या. आणि नेणाऱ्या शाळेला माझे सांगणे आहे की त्या सरांना भेटल्याशिवाय मुलाला नेऊ नये. विहीर खणणाऱ्याला विचारून पाणी भरावे, एवढी तरी रीत पाळावी.

वडिलांनी ते प्रश्न फोनवर विचारले. अभ्यासाचे उत्तर लगेच आले. गुडघ्याच्या प्रश्नाला "बघू" असे उत्तर आले. मुलगा अजून इथेच आहे. लेखी आले तर जाईल, आणि मग मीच त्याला बसस्टँडवर सोडायला जाईन.

मेळघाटातला तो मुलगा आता तिशीचा असेल. येत्या उन्हाळ्यात त्याच्या गावी जाण्याचे मी ठरवले आहे. फार उशीर झाला आहे हे मला कळते. माझ्यासाठी प्रार्थना करा.

आपला,
धर्मगुरू