शेळी कुणी गाळली?

1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि अध्यक्षपद त्यांनी उभ्या आयुष्यात तेवढं एकदाच घेतलं, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. शताब्दीच्या निमित्ताने त्याची पुन्हा भरपूर उजळणी झाली. त्याच हवेत बेळगावच्या एका व्याख्यानाला आम्ही सांबऱ्याची चार माणसं गेलो. वक्ते आहारतज्ज्ञ. दूध, तूप, अंडी, मांस सगळं सोडा. नैराश्य जाईल, चिंता जाईल, मन निवळेल, हे त्यांचं सूत्र. पुरावा काय, तर गांधीजी. व्हीगन हा शब्द नव्हता तेव्हापासून ते व्हीगन होते, म्हणूनच इतके शांत राहिले! टाळ्या पडल्या. शेवटी आयोजकांनी सवयीने कुंद्याचा डबा हातात ठेवला. दूध आटवून आटवून केलेला तो बेळगावी कुंदा वक्त्यांनी हसतमुखाने घेतला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांनी पडद्यावर दाखवलेल्या गांधीजींच्या चित्रातून गाळलेल्या शेळीबद्दल.

शब्दापुरतं वक्त्यांचं खरं होतं. 'व्हीगन' हा शब्द डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रांनी 1944 साली इंग्लंडात पाडला. गांधीजींनी दूध सोडलं ते त्याच्या कितीतरी आधी, 1912 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर, कॅलनबाख या मित्रासोबत. कारणं दोन होती. दुधाने वासना चाळवते असं त्यांना वाटे, आणि कलकत्त्याचे गवळी जास्त दुधासाठी गाईम्हशींचे जे हाल करत त्यांची वर्णनं त्यांनी वाचली होती. मनःशांती मिळते म्हणून दूध सोडलं, असं काही त्यांच्या आत्मकथेत मला सापडत नाही.

पुढची कथा वक्त्यांनी सांगितलीच नाही. 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना हा माणूस मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू यांवर राहत होता. ऑगस्टात आमांश झाला. औषध नको, इंजेक्शन नको, दूध तर नकोच. प्रकृती इतकी खालावली की मरण आलं असं त्यांनी धरलं, आणि जगण्यातला रसच गेला असं स्वतःच लिहून ठेवलं. केळकर नावाचा एक मराठी गृहस्थ अंगाला बर्फ लावण्याचा उपचार घेऊन आला. आश्रमात त्याला 'बर्फवाला डॉक्टर' म्हणत. थोडी हुशारी आली. मग माथेरान झालं, मग मुंबईत डॉ. दलालांचे उपचार. दलाल म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, प्रतिज्ञा आहे. खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, गाईम्हशीच्या दुधाची ना? मग शेळीचं का चालू नये? दलालांनी तो धागा लगेच पकडला आणि गांधीजी वाकले.

का वाकले, तेही त्यांनी लपवलं नाही. रौलट कायद्याविरुद्ध लढायचं होतं आणि लढायला जगणं भाग होतं. प्रतिज्ञा घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैसच होती, पण तिच्या पोटात सगळीच दुधं येतात हे त्यांना कळत होतं. अक्षर पाळलं आणि आत्मा मारला, असा निवाडा त्यांनी स्वतःवर केला, आणि ती बोच पुढेही गेली नाही. आता वक्त्यांना विचारावंसं वाटतं, यातलं शांत मन कुठलं? दूध नव्हतं तेव्हाचं की शेळीचं दूध घेतल्यानंतरचं? पहिल्या वेळी जीव जात होता, दुसऱ्या वेळी जीव वाचल्याचीच टोचणी होती. बेळगावच्या अधिवेशनाला जे गांधीजी आले ते शेळीचं दूध घेणारे. दिल्लीतला एकवीस दिवसांचा उपवास सोडून तेव्हा त्यांना तीन महिनेही झाले नव्हते.

त्यांनी एक काम मात्र उभ्या आयुष्यात सोडलं नाही: दुधाची जागा घेणारी वनस्पती शोधणं. आत्मकथेत त्यांनी वैद्य-डॉक्टरांना तसं जाहीर आवाहनच केलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. योग असा की गांधीजी गेले त्याच 1948 साली बी१२ हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळं काढता आलं: तांबडेलाल स्फटिक, पोटात कोबाल्ट. ते झाड तयार करत नाही आणि जनावरही करत नाही, फक्त जिवाणू करतात. गाईच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात आणि मांसात येतं. गांधीजींना हवी होती ती वनस्पती निदान याबाबतीत तरी निघणारच नव्हती. निघाली ती गोळी.

बी१२ कमी पडलं की रक्ताबरोबर मज्जातंतूही बिघडतात. पायाला मुंग्या, विस्मरण, चिडचिड, खिन्नता, आणि फारच ताणलं गेलं तर भ्रम. 1962 साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये आईच्या दुधावर वाढणाऱ्या, मंदावलेल्या, थरथरणाऱ्या तान्ह्या मुलांचं वर्णन केलं. त्या आयांच्याच अंगात बी१२ नव्हतं. वक्त्यांच्या अनुभवकथनांचा घोळही इथेच आहे. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. नव्याने व्हीगन झालेला माणूस पहिल्या वर्षी खरंच हलका होतो: तळण कमी, भाज्या जास्त, वजन खाली, शिवाय काहीतरी चांगलं केल्याचं समाधान. तो व्यासपीठावर येतो तेव्हा साठ्यावरच चालत असतो. पाचव्या वर्षी कुणी त्याला माईक देत नाही.

म्हणजे व्हीगन चुकले आणि आपण दूधवाले शाकाहारी जिंकलो? मलाही तसं म्हणायला आवडलं असतं, पण पुण्याचे आकडे म्हणू देत नाहीत. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या पुरुषांचं रक्त तपासलं आणि 2006 साली निष्कर्ष छापले. बी१२ कमी असलेले निघाले 67 टक्के. शहरी मध्यमवर्गात तर 81. हे काही व्हीगन नव्हेत. हे चहात दूध घालणारे, चतुर्थीला साबुदाणा खाणारे आपलेच लोक. कपभर दुधात बी१२ जेमतेम एक मायक्रोग्रॅम आणि रोजची गरज दोन-अडीचची, मग चहातल्या दोन घोटांवर काय भागणार? माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर दोन वर्षं सगळ्यांवर खेकसत होते, किल्ल्या हरवत होते. घरच्यांनी वयाच्या खात्यावर टाकलं. शेवटी कुणीतरी रक्त तपासलं आणि ती लाल इंजेक्शनं सुरू झाली. मास्तरांनी उभ्या जन्मात अंडं शिवलेलं नाही आणि दूध कधी सोडलेलं नाही. नियमाने गोळी घेणारी एखादी बंगळुरूची व्हीगन मुलगी या बाबतीत मास्तरांपेक्षा सुरक्षित आहे, हे मला लिहावंच लागतं.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. मांस न खाणाऱ्यांत नैराश्य जास्त, असं सांगणारा 2020 चा एक मोठा आढावा मटणप्रेमी मित्र फोनवर पाठवत असतात. त्याला अमेरिकेतल्या गोमांस उत्पादकांच्या संघटनेकडून अनुदान होतं, ही ओळ कुणी पाठवत नाही. मला जास्त मोलाचा वाटतो तो 2012 चा एक जर्मन अभ्यास. तिथेही शाकाहारी लोकांत मानसिक विकार जास्त दिसले, पण क्रम उलटा निघाला. बहुतेकांत विकार आधी आला होता, शाकाहार नंतर. दुखावलेला माणूस ताट बदलून पाहतो. ताटाने त्याला दुखावलं, असं त्यातून निघत नाही.

आमच्या गावाकडे याची दुसरी बाजू दिसते. एखादा माळ घालतो, मटण सोडतो आणि वर्षभरात माणूस बदलतो. श्रेय जातं सुटलेल्या मटणाला. पण त्याची दारूही सुटलेली असते, संध्याकाळ भजनात जाते, आषाढीला दिंडी असते, आणि आजारी पडला तर चार माळकरी दारात येतात. आता तेच ताट त्या बंगळुरूच्या मुलीपुढे ठेवा. लक्ष्मीच्या यात्रेला ती गावी येते. घराघरात मटण शिजतंय, तिने चहाही नाकारलाय, आणि मावशी विचारतेय, "बाई गं, मग खातेस तरी काय?" ती कोपऱ्यात एकटी पडते. मनाचं काय होतं ते बघायचं तर पंक्तीत कोण कुठे बसलंय ते बघावं लागेल.

जाता जाता गीतेबद्दल. सात्त्विक आहार म्हणजे शाकाहार, हे वक्त्यांनी सतराव्या अध्यायाच्या नावावर खपवलं. त्या श्लोकांत मांसाचं नावही नाही. स्निग्ध अन्न सात्त्विकांत आहे आणि शिळं तामसांत. हा निकष लावला तर आपली शिळी भाकरी आधी बाद होईल.

हा वाद सभागृहापुरता राहत नाही, म्हणून एवढं लिहिलं. 2022 साली कर्नाटकात नव्या शैक्षणिक धोरणासाठी झालेल्या एका समितीने मुलांच्या जेवणात अंडी नकोत अशी शिफारस केली होती, आणि अध्यक्ष होते बंगळुरूच्या निम्हान्समधले बालमानसोपचाराचे प्राध्यापक! सरकारने ती गुंडाळून ठेवली हे बरं झालं. आज आमच्याकडच्या सरकारी शाळेत, मराठी शाळेतसुद्धा, पोराला आठवड्यात सहा दिवस अंडं आहे आणि नको असेल त्याला केळं. सीमेपलीकडे, ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आमच्या दोन पिढ्या झगडल्या तिथे, जानेवारी 2025 मध्ये सरकारने शाळेतल्या अंड्याचे पैसे बंद केले. सीमावासीय म्हणून हे लिहायला जड जातं, पण या एका बाबतीत कर्नाटकच शहाणं निघालं.

म्हशीची दया येते म्हणून कुणी दूध सोडत असेल तर त्याला माझा विरोध नाही, उलट आदर आहे. 1931 साली लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढे गांधीजींनी नेमकं हेच मांडलं होतं: तब्येतीसाठी शाकाहारी झालेले टिकत नाहीत, नैतिक पाया असलेले टिकतात. दयेला औषध म्हणून विकलं की गुण आला नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं, आणि गोळी न घेतल्याने आजारी पडलं तर दयेचीच बदनामी होते. तेव्हा व्याख्यानमालेच्या आयोजकांना विनंती एवढीच, की पुढच्या वर्षी असा वक्ता बोलावलात तर प्रश्नोत्तरांना वेळ ठेवा. पहिला प्रश्न मी आत्ताच देऊन ठेवतो: दूध सोडून किती वर्षं झाली, आणि गेल्या तपासणीत बी१२ किती आलं?