तांब्याभर पाणी

उन्हाळ्यात डोंगर चढायला जायचे आणि त्यासाठी वर्गणीही भरायची, हे माझ्या सासूबाईंना काही केल्या पटले नाही. त्या सोलापूरकडच्या. 1972 च्या दुष्काळात लहान वयात डोक्यावर घागर घेऊन त्या पाण्याला जात. ‘‘लोगां पानी के वास्ते पहाड उतरते, तुम पानी लेके पहाड चढते?’’ एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा तसबीह फिरवू लागल्या. मी हसले. त्या बोलण्यात एक गंभीर प्रश्न होता, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले.

आमचे मंडळ साधेच आहे. कुर्ला-चेंबूर भागातले काही शिक्षक, बँकेतले दोघे-तिघे, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी. महिन्यातून एकदा लोकलने जायचे, दिवसभर चालायचे, रात्री घरी. एप्रिल-मे मध्ये लोक डोंगराकडे फिरकत नाहीत, पण आम्हा शिक्षकांना मोकळीक तेव्हाच मिळते. शिवाय करवंदे पिकतात ती मे मध्येच. मंडळात मुसलमान मी एकटी. त्याचा बाऊ कोणी करत नाही. माझ्या नमाजसाठी दहा मिनिटे सगळे थांबतात आणि परत येईपर्यंत माझ्या वाटणीची करवंदे कोणीतरी पानात बांधून ठेवलेली असतात. हे मुद्दाम लिहिले, कारण पुढे जे घडले त्यात दोष मंडळाचा नाही. असलाच तर माझा आहे.

मे 2022 मध्ये आम्ही माहुलीला गेलो. आसनगाव स्टेशनपासून पायथा पाच-सहा किलोमीटर, तिथून वर 2815 फुटांचा गड. निजामशाहीचा शेवटचा श्वास याच डोंगरावर गेला. 1636 मध्ये शहाजीराजांना बाल निजामशहासह इथेच शरण जावे लागले. पहाटे निघून ऊन चढण्याआधी वर पोचायचे, असा उन्हाळी भटकंतीचा नियम. तो आम्ही पाळला. पण उतरताना वेळ लागला आणि पाणी संपले. दुपारी दोनच्या सुमारास एका पाड्यावर आलो. झाप म्हणावे अशा घरासमोर एक म्हातारी बसली होती. काही न विचारता ती उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. आम्ही एकोणीस जण. ती आत-बाहेर करत राहिली. काहींनी तोंडावर पाणी मारले, एकाने टोपी भिजवून घेतली.

आणि मी वुजू केला. ‘‘आजी, नमाज पढायची आहे, थोडे पाणी मिळेल का?’’ असे विचारले. देवाचे नाव ऐकून ती जास्तच लगबगीने उठली आणि माझ्या हातावर पाणी धरले. सवयीने मी प्रत्येक अवयव तीन-तीनदा धुतला. दोन तांबे गेले. पाणी अंगणातून वाहत गेले आणि एक कोंबडी ते पिऊ लागली, तेव्हा मला बरेसुद्धा वाटले. जोहरची वेळ काही टळत नव्हती. तासा-दीड तासात आम्ही स्टेशनवर पोचलो असतो, तिथे नळ होता.

सलाम फेरला तेव्हा तिची दहा-बारा वर्षांची नात डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा उचलत होती. झरा कुठे आहे असे विचारले, तर तिने हनुवटीनेच नाल्याकडे दाखवले. पोस्टमास्तरांना तो माहीत होता. उतरायला अर्धा तास, चढायला त्याहून जास्त. मे महिन्यात तिथे पाणी वाहत नाही, पाझरते. खड्ड्याशी बसून राहायचे आणि साचेल तसे वाटीने हंड्यात भरायचे. अंगणात नळाची तोटी होती. तिच्यावर फडके वाळत घातले होते.

गाडीत मी हिशेब करत बसले. आम्ही एकोणीस जणांनी त्या घराचे दोन हंडे तरी संपवले असतील. म्हणजे त्या मुलीच्या दोन फेऱ्या. त्यातला चांगला मोठा भाग माझ्या इबादतीचा.

शाळेत दीनियात शिकवणाऱ्या एका बुजुर्ग सहकाऱ्यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, पाणी राजीखुशीने दिलेले होते, वुजू दुरुस्त झाला, नमाजही झाली, वहम धरू नका. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण मी विचारलेला प्रश्न आणि त्यांनी दिलेले उत्तर यांत एक फट राहिली. जायज म्हणजे जे केल्याने पकड होत नाही ते. ते करणे योग्य होते का, हा वेगळा सवाल आहे आणि आपण मुसलमान बरेचदा पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विचारतच नाही.

राजीखुशी या शब्दाचेच पाहा. दारात आलेल्याला पाणी देणे ज्या घराची रीत आहे, ते घर ‘नाही’ म्हणू शकते का? ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराचे वजन किती धरायचे? शरिअतला याची जाण आहे असे मला वाटते. पाहुणचाराबद्दलची हदीस सगळ्यांना पाठ असते. यजमानाने तीन दिवस सरबराई करावी, हा भाग आपण आवडीने सांगतो. यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये, हा तिचाच पुढचा भाग आहे. म्हणजे यजमानाची अडचण ओळखण्याची जबाबदारी पाहुण्यावर टाकली आहे, कारण यजमान ती बोलून दाखवणार नाही. पाण्याबाबत तर आपला दीन फारच काटेकोर आहे. रसूलुल्लाह (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे जेमतेम दोन ओंजळीभर पाण्यात वुजू करत. फिकहच्या किताबांत असे आहे की पाणी जवळ असूनही स्वतःला, सोबत्याला किंवा जनावरालाही तहानेची भीती असेल, तर तयम्मुम करावा. जनावरालाही! तहान आधी, तहारत नंतर. हे मी वर्गात मुलींना शिकवलेले आहे. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही घातला आहे.

मी मंडळात हा विषय काढला. सगळ्यांना मनापासून वाईट वाटले. एकाने पाड्याला हजार लिटरची टाकी देऊ असे सुचवले, वर्गणीही जमू लागली. पोस्टमास्तरांनी आधी जाऊन विचारले. टाकी आहे, पाणी नाही, असे उत्तर आले. मग आम्ही नियम केला. उन्हाळ्यात प्रत्येकाने चार लिटर पाणी सोबत आणायचे आणि गावातले पाणी कोणी घ्यायचे नाही. नियम चांगला होता. हिशेब मिटला असे मला वाटले.

मे 2023 मध्ये पुन्हा तीच वाट, तीच म्हातारी. ती तांब्या घेऊन उभी राहिली. आम्ही एकेक करून बाटल्या दाखवल्या, नको आजी, आहे आमच्याकडे. तिसऱ्या-चौथ्या ‘नको’ला तिचा हात खाली आला. ‘‘आमच्या घरचं पानी चालत नाय का?’’ तिने विचारले. आवाजात राग नव्हता. तो प्रश्न तिने आयुष्यात बरेचदा विचारला असावा.

हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. या देशात पाणी नाकारणे ही साधी गोष्ट नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान लागली म्हणून नव्हे. आणि माझ्यासारखीला हे आधी सुचायला हवे होते. इंग्रजी अमलात रेल्वे स्टेशनांवर हिंदू पानी आणि मुस्लिम पानी वेगळे मिळे, हे मी लहानपणी नानांकडून ऐकले आहे. कोणाच्या हातचे पाणी कोण पितो यावर इथे माणसाची जागा ठरत आली. आम्ही तिचे कष्ट वाचवायला गेलो आणि तिला तिची जागा दाखवून आलो. घेतले असते तर तिच्या नातीची फेरी वाढली असती, न घेतले तर हे. दोन्हीकडून चूक न होईल अशी वाट मी शोधली, पण मला सापडलेली नाही.

त्याच दिवशी सकाळी वर गडावर आम्ही सावलीला बसलो होतो. समोर तानसाचा तलाव पसरलेला दिसत होता. कुणीतरी म्हणाले, बघा, आपले पाणी! 1892 सालचे धरण, मुंबईसाठी बांधलेले. पलीकडे मोडकसागर. याच शहापूर तालुक्यातले भातसा एकटे मुंबईला जवळपास निम्मे पाणी देते. शहराला रोज सुमारे 385 कोटी लिटर पुरवले जाते आणि त्यातले बहुतेक या बाजूच्या डोंगरातून येते. मी बाटली तोंडाला लावली होती आणि मनात आले, की हे पाणी इथूनच नळाने कुर्ल्याला गेले, मी ते पाठीवर घालून परत इथे आणले, आणि खाली जाऊन ऐटीत सांगणार आहे, की आम्ही तुमचे पाणी घेत नाही.

पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत सगळी माणसे भागीदार आहेत, अशी हदीस आहे. भागीदार! मग माझ्या भागीदारणीच्या वाट्याला काय आले? दोन तांब्यांसाठी मला वर्षभर चुटपुट लागली, कारण ते देताना मी एक चेहरा पाहिला. शाळेच्या वुजूखान्यातली एक तोटी कित्येक महिने गळते आहे. मी अर्ज केला, दोनदा आठवण दिली, मग विसरले. ते पाणीही त्याच तलावांचे. त्याने माझी झोप गेली नाही. तांब्याची चुटपुट खरी होती, पण स्वस्त होती असे मला आता वाटते. ती वाटून घेतल्यावर मला नळाबद्दल विचार करावा लागला नाही.

आणि तरी चालायला जाऊ नये असे माझे मत झालेले नाही. शौकासाठी चालणे म्हणजे फुजूल, असे आमच्यातले काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. मी लोकलने कसाऱ्याकडे शंभरदा गेले असते, तरी तो नाला मला दिसला नसता. पायी गेले म्हणून दिसला. चालण्याचा विचार करताना मला बीबी हाजरा आठवतात. वाळवंटात तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत एक बाई दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. तिची ती पायपीट अल्लाहने एवढी मोठी केली, की आज बादशहालाही हजला गेल्यावर त्याच वाटेने सात फेरे घालावे लागतात. माझ्या अम्मीने 2011 मध्ये उमरा केला तेव्हा ती सई करताना थकून रडली होती. आता तिथे वर छप्पर आहे, खाली गुळगुळीत फरशी, हवा थंड. पण फेरे तेच. पाण्यासाठी चालणाऱ्या बाईच्या मागे चालणे ही आपल्याकडे इबादत आहे. माहुलीच्या नाल्यात उतरणाऱ्या पोरीच्या मागे मात्र कोणी चाललेले मी पाहिलेले नाही.

आता नियम बदलला आहे. चार लिटर आणायचेच, पण म्हातारीने दिले तर सगळ्यांनी मिळून एक तांब्या घ्यायचा, घोट-घोट, आणि थोडे बसायचे. कोणी म्हणेल की हा देखावा आहे. असेलही.

मे 2025 मध्ये आम्हाला उतरायला फार उशीर झाला. असर तोंडावर आली होती, जोहर निसटत होती आणि बाटलीत घोटभरच उरले होते. तांब्या माझ्या हातात आला तेव्हा मी एक घोट घेतला आणि पुढे दिला. मग अंगणाच्या कडेला कोरड्या मातीवर हात ठेवून तयम्मुम केला, तोंडावरून आणि हातांवरून फिरवला. म्हातारी ओट्यावरून पाहत होती.

‘‘बाय, मातीनं तोंड धुतलंस?’’

पाणी कमी असले की आमच्यात मातीनेही चालते, असे मी तिला समजावून सांगितले. अल्लाह ते कबूल करतो. तिने नीट ऐकून घेतले, मान हलवली. माझ्या वुजूला तीन वर्षे झाली होती. या तीन वर्षांत तिने ती गोष्ट कधी काढली नव्हती.

‘‘मंग तवा कशाला मांगलंवतं?’’ ती म्हणाली.

पोस्टमास्तर गाडीची वेळ सांगून घाई करत होते. मी मुसल्ला घडी करून सॅकमध्ये ठेवला.